तीनशे शब्दांत न बसलेला शेजारी

जळगावात मी तीन वर्षं काढली ती अक्कांच्या जिवावर, हे आधीच लिहून ठेवते. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. पहूरकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. मुलांच्या शाळेसाठी शहरात आल्या आणि मुलं पांगल्यावर एकट्याच उरल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी कॉम्प्युटरला मराठी शिकवायच्या कामात मी टिकले ती त्यांच्यामुळे.

मी पिंपळनेरकडची. शाळा आठवीतच सुटली. धुळ्याला मावशीकडे राहून मराठी टायपिंग शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या एका छोट्या ऑफिसात लागले. तिथल्या सरांनी विचारलं, "दहावी झालीय ना?" मी मान हलवली. त्या दिवसापासून ते खोटं माझ्या मानेवर बसून होतं.

सर पुण्याचे. त्यांचं म्हणणं, यंत्राला सगळी भाषा शिकवत बसलो तर जन्म जाईल. आपण तीनशे शब्द ठरवू. तेवढ्या शब्दांत केळीवाला शेतकरी प्रश्न विचारेल आणि यंत्र रोग ओळखून उपाय सांगेल. शेतकऱ्यांची पत्रं गोणीभर जमली होती. त्यातली वाक्यं सोपी करून मी कार्डांवर लिहायची. 'वाढ म्हणावी तशी दिसत नाही' याचं 'झाड लहान आहे'. नको ते शब्द लाल शाईनं खोडायचे, उरलेले कॉम्प्युटरमध्ये भरायचे.

दिवसभर मी यंत्राशी सोप्या मराठीत बोलायची. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. यादीत 'आहे' होतं, माझ्या घरच्या अहिराणीतलं 'शे' नव्हतं. रविवारी मी बसस्टँडवर जायची. साक्री-पिंपळनेरची गाडी लागली की जवळ जाऊन उभी राहायची. कुणीतरी कंडक्टरला विचारायचं, "बठ्ठी जागा भरी गई का?" 'सगळी'ला 'बठ्ठी' म्हणणारं तेवढं वाक्य ऐकलं की परत यायची.

वर्षभरानं पहिली चाचणी झाली. सरांनी तीन बागायतदार बोलावले. त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं. एक आबा म्हणाले, "शेजाऱ्याच्या बागेत पानं करपू राह्यली." यंत्रानं दाखवलं, 'शेजारी' हा शब्द माहीत नाही. दुसऱ्यांनी पाहुण्याच्या बागेचं विचारलं, तिसऱ्यांनी गावातल्या एका माणसाच्या. तिन्ही वेळा तेच.

आबा उठता उठता म्हणाले, "एवढं हुशार यंत्र अन् याले शेजारी ठाऊक नाही. कॉलनीत राहते वाटते."

बाकीचे दोघे हसले. सर हसले नाहीत.

ते गेल्यावर सरांनी कार्डांचा खोका काढला. कार्डामागून कार्ड, माझ्या हातानं खोडलेलं: शेजारी, पाहुणा, गावातला एक जण.

"हे का खोडलंत?"

मी कार्डं पुन्हा चाळायला लागले.

"सारांशलेखन होतं ना दहावीला? महत्त्वाचं कुठलं, बिनमहत्त्वाचं कुठलं, शिकवलं असेल की."

"हो, सर."

"उद्या मला कारण सांगा. आणि तुमचा दाखला घेऊन या. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचे कागद पाठवायचेत."

घरी आले तेव्हा अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, मूठभर शेंगा घेतल्या.

"अक्का, आमच्या गावची एक मुलगी आहे. आठवीतून सुटलेली. दहावी झाली म्हणून सांगून नोकरीला लागली. आता दाखला मागताहेत."

अक्कांनी वर पाहिलं नाही. "कामाले कशी आहे?"

"बरी आहे. घाबरट आहे."

"घाबरट आहे म्हणून तर खोटं बोलली. तिले म्हणा, साहेबाले आपल्या तोंडानं सांग. दुसऱ्याकडून कळलं तर माणूस जास्त राग धरते. अन् जेवून जाय म्हणा. उपाशीपोटी जीभ चालत नाही."

शेंगा सोलता सोलता माझा हात थांबला. आमच्याकडे पिकावर रोग आला असं कुणी आपल्या तोंडानं म्हणत नाही. बोललं की ते पक्कं होतं. म्हणून शेजाऱ्यावर घालून विचारायचं, आणि ऐकणाऱ्यानंही शेजाऱ्यासाठीच उपाय सांगायचा. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पत्रात शेजाऱ्याची बाग दिसली की मी ती लिहिणाऱ्याचीच धरत होते आणि शेजाऱ्याला खोडून टाकत होते. मला न सांगता कळत होतं, म्हणून यंत्राला सांगायचं राहिलं.

सकाळी आठ वाजताच अक्कांनी माझ्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. एरवी मी डबा नेत असे.

सरांना दोन्ही सांगितलं. आधी शेजाऱ्याचं, मग माझं. शेजाऱ्याचं ऐकताना ते वहीत लिहीत होते. माझं ऐकल्यावर पेन थांबलं.

"टायपिंगचं सर्टिफिकेट तरी खरं आहे?"

"आहे, सर."

"मग तेवढंच आणा." पुन्हा वहीकडे वळत ते म्हणाले, "आणि तुम्हाला न सांगता आणखी काय काय कळतं, त्याची यादी करा."

ती यादी करायला अक्का महिनाभर संध्याकाळी माझ्याबरोबर बसल्या. बागायतदार आधी खताचं विचारतो आणि खरा प्रश्न जाता जाता काढतो. 'बघू' म्हणाला तर फवारणी करणार नाही. मी लिहून घ्यायची आणि त्या म्हणायच्या, "हे पण शिकवा लागते का त्याले?" यंत्र त्यातलं थोडंच शिकलं. दोन वर्षांनी कामही बंद पडलं. पण तोवर मला दुसरीकडे नोकरी मिळाली होती, आठवी सांगून.

आता मी आणखी लांब आहे. अक्का पहूरला परत गेल्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि नंतर बघायला कुणी नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलतात, असं कळलं. अक्का, हे कुणाकडून तरी वाचून घ्याल. तारीख ठरवा. मी महिन्याची रजा काढून येईन, डोळ्यांत थेंब घालीन, चुलीशी तुम्हाला जाऊ देणार नाही. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी, पण येईन.