आईच्या साडीचं झबलं

आज समोरच्या गॅलरीत बाळाची झबली वाळताना दिसली आणि मला माझ्या लेकीचं बारसं आठवलं. आई तेव्हा नव्हती. बाबांनी तिची आवडती निळी सुती साडी कापून स्वतःच्या हातांनी झबलं शिवून आणलं होतं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. टाके सगळे वाकडेतिकडे.

"बाबा, शिंप्याकडे द्यायचं ना!" मी म्हणाले.

"तिच्या साडीला कात्री लावायची, तर मीच लावणार."

लेकीला ते घातलं. कितीतरी वेळा धुतलेलं जुनं सूत काय मऊ असतं! आईने नातीला पाहिलं नाही, पण कुशीत मात्र घेतलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात लेकीने बाबांच्या मांडीवरच झबलं ओलं केलं. बाबा खदखदून हसले, "घ्या! आजीची साडी नातीने आपलीशी केली!"