फाटक लागलं की कोर्ट भरायचं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या स्कूल ऑटोच्या सीटखाली पेनांची टोपणं आणि चिंचोके जमायचे, तसेच हेही जमत गेले. दिवाळीनंतर आम्ही स्कूलबसने जायला लागलो, आणि ऑटो बंद व्हायलाही यातलाच एक किस्सा कारण झाला!

अकोल्यात आमची शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे. फाटक लागलं की आमचे ऑटोवाले दिवाकरकाका आधी गाणं बंद करायचे, मग इंजिन, आणि मागे वळून विचारायचे, "बोला, कोनाची तक्रार हाय?"

झालं, कोर्ट भरलं! फाटक उघडलं की कोर्ट उठलं. निकाल राहिला तर पुढची तारीख.

आम्ही तिघी. गुड्डी फिर्यादी, मयूरी आरोपी, आणि मी कडेला. चौथीपासून दहावीपर्यंत मी एकही तक्रार केली नाही. काका म्हणायचे, "हे पोरगी साक्षीदार हाय. पन बोलनार नाही!"

* * *

एकदा गुड्डीच्या डब्यातली संत्री गेली. तिच्या मामांचा शेंदूरजनाघाटला बगीचा आहे, तिकडची. काकांनी टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरसारखे डोळे बारीक केले.

"हात पुढं करा."

त्यांनी एकेकीच्या हाताचा वास घेतला. तिघींच्याही हाताला संत्र्याचा वास! गुड्डीच्यासुद्धा, कारण मधल्या सुट्टीत तिनंच सगळ्यांना फोडी वाटल्या होत्या आणि विसरली होती.

"सगळ्याच गुन्हेगार! फिर्यादीसकट!"

मयूरी म्हणाली, "काका, तुमचा हात दाखवा ना."

"न्यायाधीशाची झडती घेत नसतेत," असं म्हणून काकांनी हात खिशात घातला. सकाळी गुड्डीनं त्यांनाही दोन दिली होती.

* * *

मयूरी चार दिवस एकच नवं गाणं लावत होती. गुड्डीनं तक्रार केली.

काका म्हणाले, "गाणं खराब नाही. पन त्यात बाजा इतका हाय का गानाऱ्याले बोलूच देत नाही. दुसऱ्याले बोलू न देनं हा गुन्हा हाय."

शिक्षा म्हणून मयूरीनं काकांचं आवडतं जुनं गाणं पूर्ण ऐकायचं. दुसऱ्या कडव्याला काकांनीच रुमाल काढला.

मयूरीनं विचारलं, "काका, शिक्षा मले हाय का तुमाले?"

* * *

सिनेमातल्या कोर्टावर काकांचा फार राग. त्यांचा स्वतःचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला बारा वर्षं खऱ्या कोर्टात चालू आहे.

"सिनेमात वकील टेबल आपटते, आरोपी रडते अन् अर्ध्या घंट्यात निकाल! आमच्या धुऱ्यावरचं कडूलिंबाचं झाड रोपटं होतं तवा मी कोर्टात गेलो. आता त्याच्या सावलीत आमी दोघंही जेवतो."

"दोघं म्हणजे?" गुड्डीनं विचारलं.

"मी अन् माह्यावर केस टाकनारा. झाड कोनाचं ते कोर्ट ठरवनच. तवरोक ऊन काहून खायचं?"

* * *

आता तो किस्सा. सहामाहीत मयूरीला गणितात कमी मार्क पडले. तिच्या आईनं ओरडायला सुरुवात केली, तशी मयूरी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आरोपीची बाजू ऐकल्याबिगर शिक्षा देता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी मयूरीची आई ऑटोपाशी आली. "काहून भाऊ, पोरींले शाळेत पोचवून राहिले का वकिली शिकवून राहिले?"

काका खाली बघत म्हणाले, "चुकलं ताई."

त्यांनी स्वतःची बाजू मांडलीच नाही. मी कडेला बसून ऐकत होते. पेपर मनापासून सोडवला नाही, हे मयूरीनं काकांच्याच कोर्टात कबूल केलं होतं, आणि "घरी खरं सांग" असा काकांचा निकाल होता. हे तिच्या आईला मीच सांगायला हवं होतं.

त्या आठवड्यात तिन्ही घरांनी बस ठरवली.

* * *

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर काकांनी गाणं लावलं नाही. मयूरी बाहेर बघत होती. गुड्डीनंही तक्रार काढली नाही. सकाळपासून मला एकच भीती होती, की मी आजही काही न बोलता घरी उतरेन.

लांबून फाटक दिसलं. सताड उघडं! गाड्या भराभर पलीकडे जात होत्या.

"काका," मी म्हणाले. आवाज फारच हळू निघाला, म्हणून परत म्हणाले, "काका, माही तक्रार हाय."

काकांनी आरशात माझ्याकडे बघितलं. ऑटो फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध थांबला. मागे ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, मग मोटारसायकलींनी. कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, झोपले का?"

गुड्डी म्हणाली, "काका, फाटक उघडं हाय."

"दिसून राहिलं मले," काका म्हणाले, आणि त्यांनी इंजिन बंद केलं.