बोर्डेमिस्त्रीनं दिलेली माफी

पुलगावात शांतवन बोर्डेची दालमिल होती. मोठी नव्हे. एक इंजिन, एक पट्टा, दोन रूळ आणि डाळ निवडणाऱ्या नऊ बाया. पण आमच्या भागातली तूर त्याच्याकडंच यायची, कारण त्याच्या डाळीत खडा सापडत नसे. आधी तो इंजिनं दुरुस्त करायचा. मालक झाला तरी लोकांसाठी तो मिस्त्रीच राहिला. गावात ख्रिस्ती घरं अकरा, आणि त्यांच्या मंडळीत त्याचा शब्द वडीलधाऱ्याचा. त्यानं कधी कोणाला मिलमधून काढलं नव्हतं.

इंजिन भिंतीपलीकडं होतं. ते चालवणाऱ्या कवडूला तिथून रूळ दिसत नसत. म्हणून मिस्त्रीनं रीत घालून दिली होती. रूळ फिरवणारा पट्टा चढवण्याआधी कवडूनं "हात!" म्हणून ओरडायचं, बायांनी दोन्ही हात वर करायचे, आणि त्यांच्यातल्या थोरल्या मनकर्णाबाईनं "मोकळे!" म्हणून उत्तर द्यायचं. मगच पट्टा.

१९७८ च्या मार्चात एका दुपारी बाया जेवायला निंबाखाली गेल्या. कवडूनं त्यांना जाताना पाहिलं. आत कोणीच नाही तर हाक कोणाला द्यायची, असं त्याला वाटलं. त्यानं पट्टा चढवला. त्यांच्यातली धुरपता मात्र रुळात अडकलेलं गोणपाट काढायला मागं राहिली होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मिस्त्रीनं तिला वर्ध्याला नेलं, औषधपाणी केलं, दवाखान्यात उशाशी बसला. तीन दिवस बेपत्ता असलेला कवडू चौथ्या दिवशी मिलच्या फाटकात येऊन त्याच्या पायांवर पडला. मिस्त्रीनं त्याला उठवून छातीशी धरलं. "मी तुले माफ केलं. उद्या कामावर येजो."

रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेशात हे सांगितलं तेव्हा कित्येकांचे डोळे भरून आले. मिस्त्रीलाही बरं वाटलं. तोही माणूसच होता.

त्याच दिवशी तो धुरपताच्या घरी गेला. मनकर्णाबाई दारात बसली होती.

"तुमी कवडूले माफ केलं म्हनते," धुरपता म्हणाली.

"हो बाई. त्यानं मुद्दाम नाई केलं."

"बोटं कोनाची गेली?"

मिस्त्रीची नजर तिच्या हातावरच्या पट्टीकडं गेली.

"मंग माफ करनारे तुमी कोन? पाद्रीबाबानं तुमचं नाव घेतलं. माहं कोनी घेतलं?"

"अवं, मालक हायेत ते," मनकर्णाबाई म्हणाली. "तुही बोटंबी आपलीच समजून राह्यले असन."

"तू सांग धुरपता," मिस्त्री म्हणाला, "काढू का त्याले?"

"आता इचारता? काढलं तं लोक म्हनतीन, धुरपतानं त्याच्या लेकरायच्या तोंडचा घास काढला. ठेवलं तं तो रोज माह्या डोयापुढं. दोन्हीकडून मरन माहंच."

मिस्त्री उठून परतला. दिलेली माफी परत घेता येत नव्हती, आणि ती आपण द्यायची नव्हती हेही आता कळलं होतं. कवडू कामावर राहिला. धुरपताही परतली, पोट कोणाला चुकलंय? डाव्या हातानं ती डाळ निवडू लागली. कवडू जवळून गेला की पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. कवडू इतका हळू चालायला लागला, की पाऊल वाजत नसे.

मिस्त्री दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन म्हणायचा, "धुरपता, माहं चुकलं. मले माफ कर." ती चहा ठेवायची. यंदा ऊन लवकर लागलं, विहिरी आटल्या, असं काहीबाही बोलायची. तो चहा पिऊन उठायचा. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी तो गेला तेव्हा ती चुलीपुढं होती. त्यानं तेच म्हटलं. या खेपेला ती उत्तरली.

"मिस्त्रीसाहेब, मी का मुद्दाम अडवून धरलं? रोज सकाळी मनाशी म्हनते, जाऊ दे. तुमालेबी, त्यालेबी. मंग भाकर थापाले बसते, अन् पुन्हा पयल्यापासून."

तिनं तव्यावरची भाकर उतरवली. एका अंगानं जाड, दुसऱ्या अंगानं फाटलेली. ती ताटलीत घालून, वर ठेचा ठेवून, त्याच्यापुढं सरकवली.

घास घेण्याआधी देवाचे आभार मानायचे म्हणून मिस्त्रीनं डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द येईनात.

"खा ना," धुरपता म्हणाली, "थंडी होऊन राह्यली."