रेडकाचा खर्ज

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. घोडनदीच्या घाटावर पिंड मांडून आम्ही सगळे लांब उभे. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर चांगले बसले होते, पण एक खाली येईना. मग आमच्याकडं होतं ते सुरू झालं. जिवाचं काहीतरी राहिलंय म्हणायचं आणि एकेकानं हात जोडून शब्द द्यायचा. पोरगा म्हणाला, "आये, आबांना नीट संभाळतो." कावळा ढिम्म. खुटबावहून तिचा भाऊ आला होता, तो म्हणाला, "आक्के, तुझ्या नातीला चोळीबांगडी माझ्याकडनं कायम." तरी काही नाही. उन्हानं डोकी तापली. शेवटी तो माझ्याकडं वळला.

"दाजी, तुम्ही बोला की. तुमच्यातच अडकली असंल."

मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंडात आलं ते बोललो, "तुझं रेडकू नीट करतो. वाजवून दावतो."

बोलणं संपतंय तोवर एक कावळा उतरला आणि भाताला चोच मारली. बायका रडायला लागल्या. मेव्हणा म्हणाला, "बघा, तुमचीच वाट बघत व्हती." मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

रेडकू म्हणजे मोठा क्लॅरनेट. मी बँडवाला. लग्नांत साधा क्लॅरनेट वाजवायचो आणि घराच्या पुढच्या खोलीत बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचो. शाळा म्हणाल तर नावाला. हे धूड मात्र हिनं शोधलेलं. माहेराहून येताना दौंडच्या बाजारात भंगाराच्या ढिगात उलटं पडलेलं हिला दिसलं. काळं लाकूड, कमरेएवढं लांब, वरची नळी वाकडी, खालचं पितळी तोंड वर वळलेलं. मला म्हणाली, "अवो, हे तुमच्यातलंच कुणीतरी दिसतंय. आजारी हाय." घरी आणून पहिल्यांदा फुंकलं तर असं हंबरलं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तेव्हापासून त्याचं नाव रेडकू.

त्याचा सगळ्यात खालचा सूर, खर्ज, धरला की मांडणीवरची हिची पितळी कळशी आपोआप घुमायची. ही पोळपाट सोडून पिठाच्या हातानं कळशी धरायची. "गप गं बाई. ह्यांना न्हाई कळत, तू तरी गप." आणि मला म्हणायची, "बास करा आता, माझी भांडी नांदायची न्हाईत तुमच्या घरात."

दुरुस्तीत तिचं एक काम ठरलेलं. क्लॅरनेटच्या चाव्यांखाली चामड्याच्या गाद्या असतात. गादी भोकावर घट्ट बसली नाही तर वारं निसटतं आणि सूर फाटतो. ते डोळ्याला दिसत नाही. मी खालचं तोंड बोळ्यानं बंद करायचो, चाव्या दाबून धरायचो आणि वरनं फुंकायचो. ही गाल पाण्यानं ओला करून एकेका गादीपाशी न्यायची. ओल्या गालाला बारीकसुद्धा वारं गार लागतं. "हितनं येतंय," म्हणायची. कधी चुकली नाही. मी पुन्हा लाख तापवायचो, गादी बसवायचो. उभा जन्म असंच चाललं.

पुढं बँडात कीबोर्ड आले, गाडीवर स्पीकर आले. खर्जाला कोण विचारतो. रेडकू पोत्यात घालून माळ्यावर गेलं. ही म्हणायची, एकदा काढा की त्याला. मी म्हणायचो, बघू.

तेरावं झालं आणि घरात आवाज यायला लागला. दिवेलागणीला, मांडणीच्या बाजूनं. कळशी घुमायची तसाच, पण लई बारीक. सुनेला म्हणालो, "ऐकलंस का?"

"आबा, फ्रीज हाय तो."

फ्रीज बंद केला. आवाज होताच. दूध तेवढं नासलं. त्यावरनं सून दोन दिवस फुगून बसली. मला मात्र कळलं होतं. कावळा शिवला तो माझ्या शब्दावर, पण शब्द पुरा कुठं झालाय? ती अजून घरातच आहे. रेडकू वाजेपर्यंत सुटायची नाही.

म्हणून मी काम लांबवलं. खरं ते सांगतो. पोतं खाली काढलं, उंदरांनी गाद्या खाल्लेल्या. एक गादी केली की चार दिवस हात लावायचा नाही. संध्याकाळी मांडणीजवळ पाट टाकून बसायचं. नीट केलं तर ती सुटणार, आणि सुटली की जाणार. नाही केलं तर अशीच कळशीत अडकून राहणार. एक दिवस आवाज फार बारीक आला, दमल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाख तापवली.

सगळ्या गाद्या बसल्या, फुंकायची नवी पत्ती लावली, पण खर्ज निघेना. नुसती घरघर. वारं निसटत होतं. आता फुंकायचं मी आणि गाल लावायचा कुणी? सुनेला कसं सांगणार? मग सायकलचा पंप आठवला. चाव्या सुतळीनं आवळल्या, खालच्या तोंडात बोळा घातला, पंपाची नळी वरच्या तोंडात चिंधीनं कोंबली.

"सूनबाई, जरा पंप मार."

"आबा, ह्याला चाक कुठं हाय?"

"तू मार गं."

ती हसत हसत मारायला लागली. मी गाल ओला केला आणि एकेका गादीवरनं नेला. पार खाली, तोंडाजवळच्या गादीपाशी, गालाला वारं लागलं. गार, बारीक, कुणी कानाशी येऊन श्वास सोडावा तसं. मी तिथंच राहिलो. इतकी वर्षं हिच्या गालाला माझा श्वास असा लागत होता, आणि मला कधी माहीतच नव्हतं.

"आबा, सापडलं का? हात दुखायला लागले."

"मार अजून."

दुपारी ती गादी बसवली आणि घरात उभं राहून खर्ज धरला. जुना दम राहिला नाही, तरी धरला. कळशी घुमली. सून स्वयंपाकघरातनं धावत आली आणि दोन्ही हातांनी कळशी धरून उभी राहिली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी दम संपेपर्यंत वाजवलं.

त्या संध्याकाळी पाट टाकून बसलो. फ्रीज घुमत होता. तो बंद केला. मग काहीच नव्हतं.

सकाळी सुनेला म्हणालो, पंप आण.

"आता काय गळतंय?"

"तू मार."

गाल ओला केला. वरनं खालपर्यंत सगळ्या गाद्यांवरनं फिरवला, शेवटच्या गादीपाशी बराच वेळ धरला. कुठनंच वारं आलं नाही. काम चोख झालं होतं.