गाळलेल्या शिव्या

कारखान्यात त्याला सगळे गाळणी म्हणत. दुभाष्याला याहून वाईट नावं पडू शकतात, म्हणून त्यानं कधी मनावर घेतलं नाही. मालकांना फक्त इंग्रजी यायची, मुख्य मिस्त्रीला फक्त जर्मन, आणि दोघांचा हेका असा की शिकायचं ते समोरच्यानं. वीस वर्षं त्या दोघांच्या मधे गाळणी उभा.

मिस्त्री तोंडाचा फटकळ. मालकांनी काढलेला आराखडा पाहून म्हणायचा, "याच्या कपाटात सगळे कप नाहीत." म्हणजे डोकं ठिकाणावर नाही. इंग्रजीत शब्दशः सांगितलं असतं, तर मालक बिचारे कप शोधायला गेले असते. मालक तरी कुठे सोवळे? मिस्त्रीचा एक स्क्रू ढिला आहे, असं ते उठसूट म्हणत. हे तसंच पोचवलं, तर मिस्त्री पाना घेऊन निघायचा.

त्याच अर्थाच्या शिव्या गाळणीला दोन्हीकडच्या तोंडपाठ होत्या. पण त्या पोचवायच्या आणि मग भांडणही आपणच मिटवायचं, हा नसता उपद्व्याप कोण करणार? तो दोन्हीकडे एकच सांगे, "त्यांना जरा शंका आहे." वीस वर्षांत तोंडातोंडी म्हणून झाली नाही, याचाच त्याला काय तो अभिमान. बाकी नुसता थकवा. दुसऱ्यांचा राग दिवसभर गिळून तो घरी भिंतीकडे बघत बसे. बायको म्हणे, "दोन परक्या भाषा येतात तुम्हाला, आणि माझ्याशी बोलायला एक शब्द नाही!"

मिस्त्री निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला त्यानं मालकांचा खांदा गच्च धरला. डोळे भरलेले. म्हणाला, "येतो रे, म्हाताऱ्या पोत्या. जप स्वतःला." त्याच्या भाषेत जिवलगालाच असं म्हणतात, आपण 'साल्या' म्हणतो तसं.

गाळणी दमला होता. जीभ सवयीनं चालली. "आदरणीय महोदय, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, असं ते म्हणतात."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला आणि चार शब्द बोलले. गाळणीनं ते जसेच्या तसे जर्मनमधे सांगितले. मिस्त्रीनं खांद्यावरचा हात काढला, टोपी घातली आणि तो निघून गेला.

खोलीत आल्यावर मालक खुर्चीत बसून राहिले. "वीस वर्षं," ते म्हणाले. "सगळ्या कामगारांना शिव्या घालायचा. मला एक नाही. मी त्याला कधी आपला वाटलोच नाही."

आता गप्प बसणं गाळणीला जमेना. "रोज घालायचा, साहेब. मी सांगत नव्हतो. आत्तासुद्धा तुम्हाला म्हातारं पोतं म्हणाला."

मालक खदखदून हसले. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मग हसू विरलं.

"आणि मी त्याला काय म्हणालो?"

"आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत."

"हे तरी गाळायचं होतंस," मालक म्हणाले.