म्हातारबाचं भगुलं

"आई, हे चेंबलेलं जरमनचं भगुलं भंगारात देऊ का?" मुलीनं विचारलं आणि मला माहेरच्या औशातला पाण्याचा टँकर आठवला.

लातूर जिल्हा नवा झाला, तसे शेजारचे कारकून लातूर शहरात राहायला गेले. त्यांचं म्हातारं कुत्रं कुलूप लावलेल्या दारापुढंच बसून राहिलं. माझ्या आईनं त्याला घरी आणलं, म्हातारबा म्हणू लागली. त्या साली दुष्काळ होता. टँकर यायच्या आधीच बायका घागरी मांडून नंबर लावायच्या. आमच्या दोन घागरींमागं आईनं हे भगुलं ठेवलं.

"माणसं तहानलीत आन् कुत्र्याला नंबर?" एका बाईनं ते लाथेनं उडवलं. तेव्हाच ते चेंबलं.

आईनं ते पदरानं पुसलं. मग आमचीच एक घागर रांगेतून काढून तिच्या जागी भगुलं ठेवलं. "जागा माझी हाय. तिथं काय ठेवायचं ते मी ठरवीन."

मला आईची लाज वाटली, रागही आला. घरी म्हातारबा लपालपा पाणी प्यायला आणि ओली हनुवटी माझ्या पायावर टेकवून झोपला.

"भंगारात न्हाई द्यायचं," मी मुलीला म्हटलं. भगुलं काठोकाठ भरलं आणि फाटकाशी नेऊन ठेवलं. 'कुत्र्यांना पाणी ठेवू नये' अशी सोसायटीची पाटी आहे, बरोबर तिच्या खाली.