उदाजीरावांचा हुकुमदार

चौऱ्याहत्तर साली मी देवासच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात लागलो, तेव्हा गेटवर उदाजीराव होते. त्यांचे वडील, आबा, धार संस्थानच्या फौजेत, तरुणपणी ते स्वतःही. संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि राजवाड्याच्या देवडीवरचा माणूस पुढे इथल्या लोखंडी फाटकावर आला. अनोळखी कुणी दिसलं की टाचा जुळवून ते खणखणीत ओरडत, "हुकुमदार!" कामगार हसत. "भिया, हुकुमदार जाग रहे हैं." त्याचं त्यांना काही नसे.

एकदा चहा घेताना म्हणाले, "नीलकंठराव, हा आमच्या आबांनी दिलेला शब्द. हुकुमदार म्हणजे ज्याच्या हाती हुकूम. आबा म्हणायचे, देवडीवर उभा आहेस तोवर राजासुद्धा तुझ्या परवानगीनं आत जाईल."

मला जुन्या लष्करी शब्दांचा नाद होता. त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळींपुढे मी त्यावर बोललो. बाजारबुणगे म्हणजे फौजेमागून चालणारी, न लढणारी माणसं. बिनीवर असणं म्हणजे सगळ्यांत पुढे. लोक रंगून ऐकत होते, मला चेव आला.

"आणि आपल्या उदाजीरावांचा हुकुमदार? गोरे पहारेकरी विचारायचे, हू कम्स देअर? म्हणजे, कोण येतंय तिकडे? आपल्या शिपायांनी त्याचा हुकुमदार केला."

मंडप हसला. तिसऱ्या रांगेत उदाजीरावही हसले. त्यांची मुलगी प्रेमला मात्र माझ्याकडे नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गेट मुकं झालं. कुणीही यावं, उदाजीराव न विचारता फाटक उघडत. दोन मेमो मिळाले, मग साहेबांनी त्यांना गोदामाच्या मागच्या दारावर बसवलं. तिथे फारसं कुणी फिरकत नसे.

मी भेटायला गेलो. "उदाजीराव, माझं चुकलं."

"चुकलं कसं? प्रेमला इंग्रजी शिकलीय. तिला विचारलं. बाबा, बरोबर आहे, म्हणाली." दाराची कडी लावत ते म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी कोण ते मी सांगतोय. मी तर नुसतं समोरच्याला विचारत होतो."

"आता तो शब्द तुमचाच झालाय."

"जाऊ द्या," ते म्हणाले, आणि स्टूल सावलीत ओढून बसले.

उन्हाळ्यात नोकरी सोडून ते बागलीला बहिणीकडे गेले. एक्याऐंशीत प्रेमला बसस्टँडवर भेटली. ती सोनकच्छला शाळेत शिकवत होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. बागलीच्या घरात आबांचा फोटो त्यांनी टांगूच दिला नव्हता.

"माझ्यावर रागावले होते का?"

"तुमचं नाव कधी निघालं नाही काका. त्यांचं बोलणंच कमी झालं होतं."

तिची गाडी लागली. मी खिडकीपाशी जाऊन गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो.